सतराव्या प्रश्नाची सुरमई

मालाडच्या खाडीकाठी खुंटपाड्यात एक नियम होता, आणि तो मोडून सुखानं म्हातारा झालेला माणूस त्या पाड्यात कुणी पाहिला नव्हता. होड्या पाण्यावर असताना 'घरात म्हावरं नाय' असं बोलायचं नाही. बाकी कशालाही नाही म्हणा. तांदळाला म्हणा, रॉकेलला म्हणा, नळाच्या पाण्याला तर रोज म्हणावंच लागे. पण मासळीला नाही म्हणायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते, हे जमिनीवरच्या लोकांनाही ठाऊक असतं. खुंटपाड्याचं म्हणणं असं, की वास्तूचं ऐकून समुद्रही तथास्तु म्हणतो, आणि समुद्राचा आवाज मोठा.

पुरावा हवा? पाड्यातल्या सगुणाच्या आजेसासूनं एकदा पायात घोटाळणाऱ्या मांजराला वैतागून म्हटलं, "चल हो, म्हावरं नाय!" झालं. अकरा दिवस पाड्याच्या जाळ्यात काडी लागली नाही. बाराव्या दिवशी पाड्यातली झाडून सगळी मांजरं शेपट्या वर करून रांगेनं मढच्या रस्त्याला लागली, ती तीन वर्षांनी परतली. तीही लेकरा-नातवंडांसकट आणि तोऱ्यात. गुणाजी तांडेलानं ती रांग स्वतः मोजली होती. दर खेपेला सांगताना मांजरं दहा-पाच वाढत, पण मोजली होती हे नक्की.

सरूबाई मात्र मांजरांच्या ह्या गोष्टीला कधी हसली नाही. एका फाल्गुनात तिनं दारात आलेल्या पाहुणीला घाईघाईत म्हटलं होतं, "आज घरात म्हावरं नाय गो, उद्या ये." तिच्या नवऱ्याची, धोंडूची होडी त्या संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. लोक म्हणाले, वारा फिरला. काय फिरलं ते सरूबाईला ठाऊक होतं. तेव्हा तिचा लेक महादू नऊ वर्षांचा होता. आता तो अठ्ठावीसचा झाला, वर्सोव्याच्या एका शेटच्या बोटीवर खलाशी लागला, गेला की वीस-वीस दिवस पाण्यावर राहू लागला. आणि ह्या एकोणीस वर्षांत सरूबाईच्या तोंडातलं 'नाय' मासळीच्या वाऱ्यालाही फिरकलं नव्हतं.

कुणी म्हणेल, कोळ्याच्या घरात मासा नाही असं होतंच कसं? होतं. सोनाराची बायको काय सोनं कालवून जेवते? त्यातून त्या वर्षी वरच्या अंगाच्या कारखान्यांनी खाडीत असलं काळं पाणी सोडलं, की मांदेली पोट वर करून काठाला लागली. बाहेर खोल पाण्यात ट्रॉलरवाले तळ खरवडून नेत होते. उरलंसुरलं जे येई ते टोपलीत, टोपली डोक्यावर, डोकं मालाडच्या बाजारात. टोपलीतल्या मासळीचा घरी तांदूळ होई, आणि तोही पुरता होत नसे. सरूबाई रोज सुरमईच्या तुकड्या पाडायची आणि रोज पेज प्यायची. हातांना वास सुरमईचा, पोटात पाणी भाताचं.

अशा वर्षात तिच्या सुनेला, मंजुळेला, क्षय निघाला.

मंजुळा सातवी शिकलेली, हसरी, महादूपेक्षा जीभ तिखट. ती खोकू लागली तेव्हा आधी धुराचं निमित्त झालं, मग हवेचं, मग रुमालावर लाल ठिपका पडला आणि निमित्तं संपली. नेमकं तेव्हाच पाड्याच्या समाजमंदिरात 'सुखी कुटुंब आरोग्य प्रकल्प' नावाचं एक केंद्र उघडलं होतं. कुठल्याशा मोठ्या संस्थेचं, परदेशातून मदत येणारं. त्याच्या फलकावर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं: 'रोग पाहू नका, रोग्याची गरज पाहा. औषधासोबत अन्न.' उद्घाटनाला पाहुण्यांनी ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं आणि पाड्यातल्या बायकांनी तीनदा टाळ्या वाजवल्या. वाक्य खरंच चांगलं होतं. वाक्यांचं काय, ती चांगलीच असतात.

औषध सुरू झालं. सकाळी मूठभर गोळ्या, त्यात एक लाल. मंजुळेच्या रिकाम्या पोटात ती मूठ जाई आणि घटकाभरात मोरीत येई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला अंडी, दूध, डाळ मिळायला हवी. गोळ्या पोटात ठरल्या नाहीत तर उपयोग शून्य. आणि मध्येच बंद केल्या तर पुढच्या वेळी ह्याच गोळ्या चालणार नाहीत." त्यासाठी प्रकल्पाकडे शिधा होता: आठवड्याला सात अंडी, दुधाची पावडर, डाळ, शेंगदाणे. कुणाला द्यायचा ते पाहणी करून ठरणार होतं.

पाहणीला वनमाला आली. मुलुंडची पोरगी, खांद्याला शबनम, हातात छापील कागदांचा गठ्ठा. जीव लावून काम करणारी, पण आयुष्यात होडीत पाय न ठेवलेली. ती आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि पाड्याच्या एकूण एक होड्या पाण्यावर होत्या. तिच्या कागदावरचा सतरावा प्रश्न असा होता: काल आणि आज घरात काय शिजलं?

पहिलं दार सगुणाचं. सगुणानं रिकामं पातेलं पायानं मागं सारलं आणि म्हणाली, "काल पापलेट. आज बी पापलेट. पोरं कंटाळली गो खाऊन."

वनमालानं लिहिलं.

समोरच्या दारातून सोनूबाईनं ऐकलं होतंच. सोनूबाई सगुणाहून दहा वर्षांनी मोठी, आणि मागं राहणं तिच्या रक्तात नव्हतं. "आमच्याकं रावस," ती म्हणाली. "आनि कोळंबी. हलवा पन होता, तो मांजराला घातला."

"थांब गो पोरी," सगुणा मागून ओरडली, "माझं एक ऱ्हायलंच! खेकडं लिव! नांगीवालं!"

गल्लीच्या टोकापर्यंत जाता जाता शेवंडीही शिजल्या. त्या दिवशी खुंटपाड्याच्या चौसष्ट घरांत कागदावर जेवढी मासळी शिजली, तेवढी भाऊच्या धक्क्यावर महिन्यात उतरत नसेल. गुणाजी तांडेलाला तर दातच उरले नव्हते; त्यानंही अख्खा घोळ मासा सांगितला, काट्यासकट.

सरूबाईच्या दारात वनमाला थांबली. आतून खोकला येत होता. चुलीवर पेज रटरटत होती, तिचा वास दारापर्यंत पोचत होता.

"मावशी, काल आणि आज काय शिजलं?"

सरूबाईनं एकदा आत सुनेकडे पाहिलं. मग दाराबाहेर, छपरांच्या वरून, जिथून खाडी दिसते तिथं पाहिलं. महादू पाण्यावर होता.

"सुरमई," ती म्हणाली.

"खरंच, मावशी? मला तर वास..."

"दारात हुबं राहून असं इचारू नये, पोरी. सुरमई लिव."

आत मंजुळेनं डोळे मिटले. सासूचं काय चाललंय ते तिला कळत होतं, आणि तिचाच नवरा पाण्यावर असल्यानं तिलाही काही बोलता येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी समाजमंदिराच्या भिंतीवर यादी लागली. मंजुळेनं भिंतीला धरून ती मोठ्यानं वाचली. "खुंटपाडा. एकूण घरं चौसष्ट. आहार उत्तम, प्रथिनयुक्त. शिध्यास पात्र: निरंक."

"निरंक म्हंजे?" सगुणानं विचारलं.

"म्हंजे आपल्यातलं कोन बी नाय."

आणि कोण होतं यादीत? रस्त्यापलीकडच्या दुमजली चाळीतली नऊ घरं. त्यातल्या एका घरात फ्रिज होता. पण त्या घरच्या बाईला नाही म्हणण्याची बंदी नव्हती. तिनं सतराव्या प्रश्नाला डोळ्याला पदर लावून 'काही म्हणजे काही नाही हो' म्हटलं होतं. शिधा आला तेव्हा तिनं अंडी नीट मोजून फ्रिजमध्ये ठेवली. गरिबाला मदत करणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. त्यांना गरीब चालतो, पण तो रडून दाखवणारा पाहिजे. ताठ मानेनं उपाशी राहणारा माणूस त्यांच्या कागदात पोटभर जेवलेला असतो.

तरीही सरूबाई गप्प राहिली असती. पण त्याच आठवड्यात एकवीरेच्या तसबिरीची धूळ पुसताना तिच्या हाताला एक पुडी लागली. आत गोळ्या. लाल, पांढऱ्या, पिवळसर. अकरा दिवसांच्या.

"हे काय गो, मंजुळे?"

मंजुळेनं भिंतीकडे तोंड केलं. "उलटी करून करून बरगड्या मोडल्या, आये. आत ऱ्हात नाय काय. मंग देवीकडं ठेवल्या. तिच्या तरी पोटात ऱ्हातील."

सरूबाईनं पुडी कनवटीला खोचली आणि टोपली न घेता मालाडला गेली. बाजारच्या रस्त्यानं रिकाम्या डोक्यानं चालण्याची तिची ती पहिलीच वेळ. चार ओळखीच्या कोळणींनी 'कोन गेलं गो?' म्हणून विचारलं.

प्रकल्पाचं कार्यालय मालाड स्टेशनच्या मागल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. साहेबांच्या टेबलामागं कोण बसलं होतं? दत्ताराम! दर रविवारी तिच्याच पाटीसमोर उकिडवा बसून सुरमईचे कल्ले उचकटून बघणारा दत्ताराम. मूळचा मालवणकडचा, बाप गिरणीत खपलेला, हा शिकून साहेब झालेला. घासाघीस अशी करायचा की मासा लाजेनं परत पाण्यात जाईल. आणि सुरमई घेतली की वर म्हणायचा, 'डोकं पण घाल गो, कढीला.' मग म्हणायचा, 'शेपटी कुणाक ठेवतंस?' मग पोटातली गाबोळी.

"काय गो सरूबाई! इथं कुठं वाट चुकलीस?"

"यादीत नाव घाला सायेब, सुनेचं. तिला क्षय हाय."

दत्तारामनं कागद काढला. बोटानं ओळ शोधली. हसला. "अगो, हे बघ तुझंच उत्तर. सुरमई! मी आठवड्यात एकदा खातो, तू रोज खातेस. आणि अंडी तुला पाहिजेत?"

"ते बोलायचं आस्तं म्हनून बोललं."

"म्हणजे खोटं सांगितलंस?"

"खोटं नाय. होड्या पान्यावर होत्या."

हे दत्तारामला कळायला पाहिजे होतं. किनाऱ्यावरचाच तो. त्याच्या आजीनंही रिकाम्या डब्याला कधी रिकामा म्हटलं नसेल. पण खुर्चीवर बसलं की माणसाला आधी आजीचा विसर पडतो. तो म्हणाला, "हे बघ, नियम सरळ आहे. अर्जावर लिहून द्यायचं: माझ्या घरात मासा, अंडं, दूध काही नाही. माझ्यासमोर तोंडानं बोलायचं आणि अंगठा मारायचा. शुक्रवारी यादी बंद."

"शुक्रवारी? महादू तर शिमग्याला येनार."

"महादूचा काय संबंध? दोन शब्द बोलायचे, गो! 'मासा नाही.' बोल. आत्ता बोल, आत्ता नाव घालतो."

सरूबाईचं तोंड उघडलं. तिच्या कनवटीला अकरा दिवसांच्या गोळ्या टोचत होत्या. एका बाजूला सून होती आणि एका बाजूला लेक होता, आणि दोघांच्या मधे हा माणूस पेनाचं टोपण उघडून बसला होता. तोंड उघडलं तसं मिटलं.

"बघ," दत्ताराम म्हणाला, "तुलाच बोलवत नाही. कारण आहे घरात. मी स्वतः तुझ्याकडून दर रविवारी सुरमई घेतो, आणि तुझ्याच घरात नाही म्हणजे?"

आता मात्र सरूबाईच्या मस्तकात सणक गेली. एकोणीस वर्षांत गेली नव्हती एवढी. पण कोळीण रागावली की ओरडते ही शहरातल्या लोकांची समजूत आहे. ती भाव करताना ओरडते. खरी रागावली की गोड होते.

"खरं हाय तुमचं, सायेब," ती म्हणाली. "मंग असं करा ना. बुधवारी जेवायलाच या. डोळ्यांनी बघा. तुमच्या कागदावर लिवलंय तेच वाढते, एक घास कमी नाय. गल्लीतल्या समद्या बाया आपापलं आनतील."

कागदावर काय काय लिहिलंय ते दत्तारामला पाठ होतं. पापलेट, रावस, कोळंबी, खेकडे, शेवंड. आणि बुधवार, म्हणजे मासळी चालण्याचा वार. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली.

"ही गृहभेट समजायची हां," तो म्हणाला. "जेवण नव्हे."

"गृहभेटच. पन माझ्या खोलीत तुमचं पाय मावायचं नाय. पंगत तुमच्याच केंद्रात मांडते."

ही शेवटची गोष्ट ती फार विचार करून बोलली होती. तथास्तु म्हणायचंच असेल तर ते प्रकल्पाच्या भिंतींनी म्हणावं.

बुधवार उजाडला. दत्ताराम सकाळी चहासुद्धा न घेता आला असावा, कारण साडेअकरालाच समाजमंदिरात हजर. सोबत वनमाला, तिच्या हातात तोच गठ्ठा. सरूबाईनं चटई अंथरली, समोर पितळेचं ताट मांडलं. ते लग्नातलं, घासून असं लखलखीत केलेलं, की दत्तारामला त्यात स्वतःचं तोंड दिसत होतं. भिंतीला टेकून मंजुळा बसली होती. दारात गुणाजी तांडेल काठीवर हनुवटी ठेवून उभा. आणि मग एकामागून एक बायका आल्या, पाड्यातल्या चौसष्ट घरच्या चौसष्ट जणी. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं पातेलं. पहिली ताटाशी पोचली तेव्हा शेवटची अजून खाडीवर होती.

"वनमाला, वाच गो," सरूबाई म्हणाली. "कागदावरचं वाच. तू वाचशील तसं आमी वाढू."

वनमालानं गठ्ठा उघडला. काय होणार ते तिला वासावरूनच कळलं होतं, किंवा वास नसण्यावरून. "घर क्रमांक एक. पापलेट, खेकडे."

सगुणा वाकली. झाकण काढलं. ताटात चिमूटभर मीठ ठेवलं. "हे पापलेट, सायेब. मोठं हाय. काटे सांभाळून. खेकडं त्याच्याच खाली हायत."

दत्ताराम हसला. गंमत चाललीय असं त्याला वाटलं.

"घर क्रमांक दोन. रावस, कोळंबी, हलवा."

सोनूबाईनं पळीभर पेज ओतली. "हा रावस." वर एक हिरवी मिरची ठेवली. "ही कोळंबी." मग पातेलं उलटं करून आपटलं. "हलवा मांजरानं खाल्ला. त्याला इचारा."

"घर क्रमांक तीन. खेकडे."

तिसरीनं करपलेल्या भाताची खरवड ठेवली. चौथीनं अर्धा कांदा. पाचवीचं पातेलं रिकामंच होतं, पण तिनं त्यातून वाढलं. हात नीट आत घालून, पळी भरून, ताटात सावकाश सोडून. "शेवंड," ती म्हणाली. "पोट भरून घ्या."

दत्तारामच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत चाललं होतं. सातव्या-आठव्या घरापर्यंत तो चटईवर सरकू लागला. विसाव्या घराला त्यानं घड्याळ पाहिलं. कुणीही हसत नव्हतं, कुणीही रडत नव्हतं. बायका येत होत्या, वाढत होत्या, माशाचं नाव अदबीनं सांगत होत्या आणि जात होत्या. पंगतीत आग्रह करावा तसा आग्रहही करत होत्या. "घ्या ना सायेब. लाजू नका. तुमचंच हाय."

शेवटी सरूबाई उठली. तिचं पातेलं सगळ्यांत मोठं. त्यावर केळीचं पान झाकलेलं.

"माझी सुरमई," ती म्हणाली, आणि पान उचललं.

आत स्वच्छ धुतलेले कल्ले होते. लालभडक, कंगव्यासारखे. आणि सुरमईच्या अंगावरून छाटलेले चार पर.

"तुकड्या तुमी नेता," सरूबाई म्हणाली. आवाज अजून गोडच होता. "डोकं तुमी नेता, कढीला. शेपटी कुनाला ठेवतेस म्हनून ती बी नेता. गाबोळी नेता. मंग सुरमईतलं माझ्या वाट्याला ऱ्हातं ते हे. खा ना. तुमच्या कागदावर ह्याला उत्तम आहार म्हनलंय. ह्याच्यावर माझी सून क्षयाच्या गोळ्या पचवते." तिनं कनवटीची पुडी सोडून ताटाच्या कडेला ठेवली. "ह्या अकरा दिवसांच्या. पचल्या न्हवत्या."

दत्ताराम ताडकन उठला. रागानं, भुकेनं, की आणखी कशानं, देव जाणे; पण तोंड लाल झालं होतं आणि साहेबाची भाषा सुटून आजीची आली होती.

"काय मस्करी लावल्यात ही? ह्या ताटात मासो खंय आसा? ह्याच्यात मासो नाय!"

दारातल्या गुणाजीनं काठीवरची हनुवटी उचलली.

"काय म्हनलात?" सरूबाईनं विचारलं. "कान म्हातारं झालं माझं. जोरात बोला."

"नाय म्हटलंय! मासो नाय! चौसष्ट घरांत कुणाकडेच मासो नाय!"

"वनमाला," सरूबाई म्हणाली, "लिव गो. सायेबांनी डोळ्यांनी बघितलं आनि तोंडानं बोललं. मी नाय बोलले. आमच्यातलं कोन बी नाय बोललं."

वनमाला कधीच लिहू लागली होती. सतराव्या प्रश्नाची चौसष्ट उत्तरं खोडून तिनं चौसष्ट वेळा नवं उत्तर लिहिलं, आणि खाली पाहणाऱ्याची सही म्हणून रिकामी जागा होती तिथं पेन धरून गठ्ठा साहेबांपुढं केला. शंभरेक डोळे त्या पेनावर होते. सही झाली.

त्याचा तथास्तु कुणाला लागला म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या कपाटातल्या माशाच्या तेलाच्या गोळ्यांच्या बाटल्या उघडल्या, तर आत गोळ्या होत्या, पण तेल नव्हतं. एकूण एक पोकळ. फुंकर मारली की शिट्टी वाजे. गुणाजीनं वाजवून पाहिली होती.

पण सही झाली म्हणजे शिधा आला असं समजणारा माणूस मुंबईत नवा असला पाहिजे. एक आठवडा गेला. 'कागद वर गेलेत.' दुसरा गेला. 'वरून खाली यायचेत.' वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगेना. मंजुळेच्या गळ्याची हाडं मोजता येऊ लागली. सरूबाई तिला पेजेत साखर घालून गोळ्या देई आणि तासभर तिची पाठ चोळत बसे. तीनातल्या एखाद्या दिवशी गोळ्या राहत. शिमगा झाला, महादू आला, बायकोकडे पाहून पारोशा तोंडानं बसून राहिला, आणि परत पाण्यावर गेला.

त्या रविवारी दत्ताराम बाजारात आला. दोन रविवार टाळून आला होता, पण जीभ ऐकत नसावी. सरूबाईच्या पाटीत चांगली हातभर सुरमई होती, डोळे काचेसारखे.

"आहे का गो सुरमई?" त्यानं नजर चुकवत विचारलं.

"हाय ना. उदंड हाय."

"मग दे एक."

सरूबाईनं कमरेचा एक कागद काढला. पाहणीच्या जुन्या अर्जाची नक्कल, वनमालानं दिलेली. सतराव्या प्रश्नापुढं निळ्या शाईत लिहिलेलं होतं: सुरमई. तिनं तो कागद केळीच्या पानात नीट गुंडाळला, वर दोरा बांधला आणि त्याच्या हातात ठेवला.

"घ्या. डोक्या-शेपटीसकट हाय. माझ्या सुनेचं पोट ह्याच्यावर भरलं, तुमचं बी भरंल. शिधा आला का खरी देते."

तो पलीकडच्या पाटीकडे वळला. तिथं सगुणा बसली होती. तिनंही पानाची पुडी पुढं केली. "पापलेट, सायेब. ताजं हाय, शाई बी सुकली नाय." सोनूबाईनं तर तीन पुड्या दिल्या. मालाडच्या बाजारात त्या दिवशी दत्तारामला ज्या ज्या कोळणीनं पाहिलं तिनं तिनं कागद बांधून दिला, मग ती खुंटपाड्याची असो की मालवणीची, मार्व्याची, मनोरीची. घरी जाऊन त्याच्या बायकोनं पिशवी पालथी केली तेव्हा म्हणे नऊ माणसांना पुरेल एवढी मासळी निघाली, आणि शिजवायला एकही तुकडा नाही.

चौथ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, प्रकल्पाचा टेम्पो खुंटपाड्यात आला. वर गेलेले कागद इतक्या लवकर खाली कसे आले हे कुणी विचारलं नाही.

पण शिधाही पाहा कसा आला. चौसष्ट घरांना नाही. क्षयाच्या औषधावर असलेल्या पाड्यातल्या अकरा माणसांना. माणसी आठवड्याला सात अंडी, पावडरीचा डबा, डाळ, दाणे. आणि वर बजावणी: हे फक्त रोग्यानं खायचं. घरात दुसऱ्या कुणी खाल्लेलं आढळल्यास नाव रद्द. म्हणजे मंजुळेची गरज दिसायला एक ताट, चौसष्ट पातेली आणि बाजारभर पुड्या लागल्या. आणि तिला उकडून घालणाऱ्या म्हातारीचं पोट दिसायला आणखी काय काय लागेल, ते त्या फलकाच्या रंगाऱ्यालाच ठाऊक.

पहिलं अंडं सरूबाईनं त्याच दुपारी उकडलं. मंजुळेनं आधी घोटभर दूध घेतलं, मग गोळ्या घेतल्या, मग दोघी भिंतीला टेकून वाट पाहत बसल्या. घटका गेली. दुसरी गेली. मोरीकडे कुणी धावलं नाही.

सरूबाईनं अंडं सोलून तिच्यापुढं ठेवलं.

"तुमी काय खाल्लं, आये?" मंजुळेनं विचारलं.

सरूबाईनं दाराबाहेर, छपरांच्या वरून, खाडीकडे पाहिलं. महादू पाण्यावर होता.

"सुरमई," ती म्हणाली. "पोट कसं भरलंय."

मंजुळेनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा चुलीकडे. मग ताटलीतलं अंडं दोऱ्यानं बरोबर मधोमध कापलं आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

"सुरमईवर अंडं चालतं," ती म्हणाली. "खा."